साडेअठरा किलो

थोरलीने स्प्रिंगचा काटा बोटीच्या बूमच्या टोकाला अडकवला, टाचा उचलून तो वर ओढला आणि आकडा वाचला. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदाही खूण तिथेच थांबली.

"साडेअठरा किलो," ती म्हणाली.

"पहिल्यांदाच लिहून घेतलं असतं तरी तेवढंच भरलं असतं," डोलकाठीपाशी बसलेला मिस्त्री म्हणाला. "बाई, भाजी घेतानाही असंच करता का?"

"भाजीवाला मला लांबून बघितलं की काटा पुसून ठेवतो."

मिस्त्री हसला. तिने आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिने मनातल्या मनात गणित केलं होतं. दांडा साधारण दोन फूट खाली आला, वजन पंधरा धरू. पंधरा कमी होते. एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईचा अंदाज साडेतीन किलोंनी चुकला होता, आणि नेमका तिच्या सोयीच्या बाजूला.

बूम म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा. शीड उतरवलं की तो डोलकाठीच्या टोकावरून आलेल्या एका दोरीवर टांगून राहतो. ती दोरी सैल केली की खाली येतो. म्हणून दोरीला हात लावण्याआधी 'सोडते' अशी हाक द्यायची, एवढा एकच नियम त्या बोटीवर होता. बोट दोघी बहिणींची होती. त्या दिवशी दोरी थोरलीच्या हातात होती आणि धाकटीचा हात बूमखाली, केबिनच्या छपरावर.

आता थोरली व्हँग बसवत होती. डोलकाठीच्या बुंध्यापासून तिरकी वर जाणारी, पंपासारखी एकात एक सरकणारी नळी. ती बूमला खालून उचलून धरते, मग वरची दोरी तुटली काय नि सुटली काय. निवडायला तिने दोन आठवडे घेतले होते. वायू भरलेली नळी हलकी आणि आवाज न करणारी, पण सील गेलं की तिची ताकद एकदम संपते. स्प्रिंगची करकरते, झिजते, पण झिजतेय हे आधी कळतं. तिने स्प्रिंगची घेतली. सोबत तीन स्प्रिंगा आल्या होत्या. वजन बघून तिने मधली बाजूला काढली, थोडा विचार केला आणि सगळ्यांत कडक उचलली.

"मधली पुरे की," मिस्त्री म्हणाला.

"पुरे नकोय मला."

धाकटी साडेदहाला आली. 'नुसती बघायला ये' असं थोरलीने चारदा फोन करून सांगितलं होतं. धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना तिने आधार उजव्या हाताने घेतला. त्या दिवसापासून डावं मनगट पूर्ण वळत नसे.

"बाप रे, एवढी जाड? ताई, बूम उचलायचीय की पूल?"

"आलीस का टोमणे घेऊन? इथे उभी राहा. सरळ. पोक काढू नकोस."

"पोक नाही, वय आहे ते."

थोरलीने तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि त्यावर वीतभर जागा सोडून डोलकाठीवर खूण केली. बूम कितीही खाली आली तरी या खुणेच्या वर थांबायला हवी होती. मिस्त्रीने त्या हिशेबाने नळी अडकवायचा पोलादी ब्रॅकेट डोलकाठीला लावून बघितला, भोकं पाडली. थोरलीने प्रत्येक बोल्टला पांढरी पेस्ट फासली. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की खाऱ्या हवेत डोलकाठी झिजत जाते. धाकटी एकेक बोल्ट पुढे करत होती. असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. थोरली मध्येच गुणगुणली आणि स्वतःच दचकली.

"जरा मागून दाबून धरा," मिस्त्री धाकटीला म्हणाला. "मी सांगितलं की सोडा."

"सांगू नका, हाताने खूण करा," धाकटी सहज म्हणाली. "माझ्या कानांचा भरवसा नाही."

मिस्त्रीने मान हलवली आणि वेळ आल्यावर तळवा वर केला. तिने सोडलं. एक बोल्ट आखूड निघाला, तो बदलून आणायला मिस्त्री दुकानात गेला.

थोरली बोटांवरची पेस्ट चिंधीला पुसत राहिली. बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती.

"कानांना काय झालंय?"

"काही नाही. तीनदा तपासले. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहेत." धाकटीने पाय पसरले. "पण ते मशीन बंद खोलीत असतं ना. तू सहा फुटांवरून हाक दिलीस आणि मला ऐकू आली नाही. म्हणजे कुठेतरी काहीतरी निसटतंच."

"मग हे मला कधी—"

"काय सांगायचं? तू आधीच कष्टी होतीस. आणि शाळेच्या बसची ड्रायव्हरकी सोडली तेव्हा सगळ्यांनी मनगटाचं कारण धरलं, तेच बरं होतं."

"मनगटामुळे नाही सोडलीस?"

"मनगटाने स्टिअरिंग फिरतं गं. सहा महिन्यांत फिरायला लागलं होतं. पण मागे चाळीस पोरं असतात. एखादं 'थांबवा' म्हणून ओरडलं आणि मला ऐकूच आलं नाही तर?" ती हसली. "म्हणून डेपोच्या टेबलावर बसते. तीन वर्षं बोटीवरही म्हणूनच नाही आले. बूमची कसली भीती?"

थोरलीने चिंधीची घडी घातली. मग ती घडी मोडली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, हे झालं कसं. धाकटीचा नवरा शेजारीच उभा होता. थोरलीच्या तोंडून वाक्य निघून गेलं होतं, आणि खाटेवरून धाकटीने मान डोलावली होती. तिच्याकडून मान डोलावली गेली म्हणजे प्रकरण मिटलं, असं थोरलीने धरलं. त्याचं पुढे काय होईल ते तिने मांडून बघितलंच नाही.

"मी हाक दिली नव्हती," ती म्हणाली.

धाकटीने तिच्याकडे बघितलं.

"माझं लक्ष शिडाकडे होतं. सरळ सोडली दोरी. हाक दिली असं मी नंतर सांगितलं."

"पण तू सांगितलंस," धाकटी हळू म्हणाली. "तू चुकीचं सांगत नाहीस. मला वाटलं, तू म्हणतेस म्हणजे दिलीच असणार."

बोट धक्क्याच्या टायरवर घासली, दूर झाली, पुन्हा घासली.

"तू परत चालवू शकतेस," थोरली घाईने म्हणाली. "मी डेपोत येते. साहेबांना सांगते. लिहून देते, सहीनिशी—"

"शाळेच्या बसवर पंचावन्नपर्यंतच ठेवतात, ताई. मला गेल्या वर्षी पूर्ण झाली."

तिच्या आवाजात राग नव्हता. थोरलीला तो हवा होता.

धाकटी उठली. जाताना तिने व्हँगच्या नळीवर डावा तळवा टेकवला, वजन टाकून बघितलं. नळी किंचित खाली गेली आणि वर आली.

"छान बसलंय," ती म्हणाली. बोलताना ती नळीकडेच बघत होती. मग कठड्याला धरून धक्क्यावर चढली.

मिस्त्री समोरून येत होता. तिला जाताना बघून तो थबकला, बोल्टची पुडी काखेत धरली आणि दोन्ही हातांनी विचारायला लागला. एवढ्यात? झालं का?

"तोंडाने बोला, मिस्त्री," ती म्हणाली. "मला ऐकू येतं."

तो गोंधळून बोटीकडे बघू लागला. थोरली पान्हा हातात घेऊन उभी होती. धाकटी रस्त्याकडे निघाली होती, फार भरभर नाही. मागून कुणी हाक दिली तर वळता येईल, इतपत. थोरलीने तोंड उघडलं. पण आता कुठल्या हक्काने हाक द्यायची, हे तिला ठरवता येईना.