हातोड्याचे तीन घाव

"ट्रेलरला जीपचाच ॲक्सल लावायचा!" वेल्डरबाबा हट्टालाच पेटले होते. "याची चाकं तुझ्या जीपसारखीच. डोंगरात पंक्चर झालं तर एकच स्टेपनी दोन्हीकडे चालेल. आणि तो विकतचा बघ, चाकं कसली बुटकी! पहिल्याच दगडावर ट्रेलरचं पोट घासेल."

लेकीला ते पटत होतं. मधमाश्यांच्या पेट्या ट्रेलरमध्ये घालून तिला खडकाळ चढ चढायचा होता, आणि त्या वाटेला एका अंगाला नुसती दरी. पण जीपच्या जुन्या ॲक्सलवर स्प्रिंगच्या पाट्या टेकवायच्या लोखंडी बैठका वेल्ड कराव्या लागणार होत्या. विकतचा नुसता बोल्टांनी आवळला की झालं. आणि गेल्या वर्षापासून बाबा चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला लागले होते.

"बाबा, वेल्डिंग शेजारच्या वर्कशॉपमध्ये करून घेऊ का?"

"का? मी मेलोय का?"

तिनं ॲक्सल त्यांच्यापुढे सरकवला.

संध्याकाळपर्यंत बैठका बसल्या. आता राहिला दुकानाचा नियम. गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं जोडावर हातोड्याचे तीन घाव घातल्याशिवाय माल उंबरा ओलांडायचा नाही, हे बाबांनी चाळीस वर्षं पाळलं होतं. भलीभली गिऱ्हाइकं घामाघूम होऊन गेली, जोड हलला नव्हता. त्यांनी ऐटीत हातोडा लेकीपुढे धरला.

तिनं तीन घाव घातले. "वाजला की छान!"

"हात राखून मारतेस."

"नाही हो, बाबा."

"अगं, डोळे गेले असतील, कान शाबूत आहेत. दे इकडे!"

त्यांनी बोटानं जोड चाचपला आणि हातोडा हाणला. दुसऱ्याच घावाला बैठक निखळून खणकन फरशीवर पडली. ती उचलून त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. कड गुळगुळीत होती. वेल्डिंग बोटभर बाजूलाच बसलं होतं.

"मला जोडाची रेघच दिसली नाही गं," ते म्हणाले. मग एकदम थबकले. "तुला माहीत होतं!"

ती फरशीवर सांडलेले वेल्डिंगचे कण गोळा करू लागली.

"माहीत असून हे ओढत दरीच्या कडेनं जाणार होतीस?"

"तुमचं मन मोडवेना, बाबा."

चाळीस वर्षांत कुणी त्यांच्या जोडाची अशी कीव केली नव्हती. आणि त्यापायी पोर जिवावर उदार झाली होती. त्यांनी बैठक भंगाराच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी विकतचा ॲक्सल बसला. बोल्ट बाबांनीच आवळले, प्रत्येक नटाबाहेर किती आटे आले ते बोटानं मोजून. त्याच्या बुटक्या चाकाची वेगळी स्टेपनी ट्रेलरमध्ये टाकली, आणि वाटेतला कुठला दगड टाळायचा ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. ती निघाली तसा त्यांनी हातोडा पुढे केला.

"बाबा, बोल्टांना कसला हातोडा?"

"मार. जोरात."

तिनं दोन्ही हातांनी, सगळ्या ताकदीनिशी तीन घाव घातले. मान तिरकी करून बाबांनी तिन्ही ऐकले.

"जा आता."

जीपचा आवाज वळणापलीकडे गेला. बाबा आत आले, वेल्डिंग मशीनचा प्लग काढला आणि केबल चाचपत चाचपत गुंडाळायला बसले.