दुसरी किल्ली

"काम एकत्र करा, चहा एकत्र प्या, पण एकमेकींच्या किल्लीला हात लावू नका," मोठ्या मॅडमनी बजावलं होतं. "उद्या दोन देशांचं फाटलं, तर मधल्यामध्ये तुम्ही चिरडल्या जाल."

ऐकणारी तरुण संशोधक नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतली होती. तिने हसण्यावारी नेलं. "अहो मॅडम, मूठभर धूळ ती. तिच्यासाठी कोण भांडणार?"

धूळ चंद्रावरची होती. दोन देशांनी मिळून यान पाठवलं, माती आणली आणि या प्रयोगशाळेत, नायट्रोजन भरलेल्या काचेच्या पेटीत ठेवली. पेटीला दोन कुलपं, एक या देशाचं, एक त्या देशाचं. दोन्ही देशांचं माणूस हजर असल्याशिवाय उघडायची नाही, असा करार. तिकडून आलेली संशोधक वयाने थोडी मोठी, म्हणून ही तिला ताई म्हणायची. जाड रबरी हातमोज्यांतून दोघी शेजारी शेजारी कण वेचायच्या, आणि तोंडाने चर्चा हिच्या लेकीच्या दातांची.

मग ताईची आई आजारी पडली. मायदेशी निघताना ताईने आपली किल्ली हिच्या हातात ठेवली. "मी नसताना पेटी बिघडली, तर आमच्या वरिष्ठांची परवानगी येईपर्यंत मातीची वाट लागेल. पण कुणाला बोलू नकोस हं."

"अगं, मी काय डांगोरा पिटणारे?"

ताई तिकडे पोचते न पोचते तोच दोन्ही सरकारांचं बिनसलं. मंत्रालयातून एक साहेब आले. मोठे गोडबोले. "त्यांनी आपला वाटा परत मागायच्या आत माती हलवायचीय. दुसरं कुलूप तोडू."

कुलूप तोडलं की दाराचं सील फाटणार, दमट हवा आत शिरणार, सगळी माती कामातून जाणार. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. पाळणाघर? नाही, कसलीशी जाहिरात. तिने फोन परत खिशात टाकला.

"तोडू नका," ती बोलून गेली. "किल्ली आहे. माझ्याकडे. पण देणार नाही. ताईने विश्वासाने दिलीय, तिच्याच हातात परत देईन."

साहेब रागावले नाहीत. उलट खुशीत हसले. "राहू द्या की तुमच्याकडेच!" आणि कुलपाला हातही न लावता निघून गेले.

घरी नवरा लेकीला भरवत होता. सगळं ऐकून म्हणाला, "वाघीण आहेस बाई! मला मात्र साधी गाडीची किल्ली सापडत नाही." ती हसली. कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

आणि बातम्या लागल्या. पडद्यावर साहेब. "त्यांच्याच संशोधक बाईंनी पेटीची किल्ली स्वखुशीने आमच्या हवाली केलीय. माती कुणाची, यावर आणखी काय बोलायचं?"

नवऱ्याच्या हातातला चमचा हवेतच राहिला. किल्ली तिच्या पर्समध्ये होती. साहेबांना ती नकोच होती. हवं ते त्यांना तिच्या तोंडूनच मिळालं होतं.

तेव्हापासून ताईचा फोन बंद. मेसेज जातो, पोचत नाही. त्यांच्या वकिलातीत विचारलं, तर म्हणाले, "आम्हाला कल्पना नाही." तिकडे ताईला कोण काय विचारत असेल, या विचाराने लेकीला थोपटताना तिचा हात मध्येच थांबतो.

आता भेटेल त्याला ती एकच सांगते, तुम्हालाही सांगते: "तिकडे नदीकाठी एका बेकरीच्या वर ती आईबरोबर राहते. खिडकीत शिवणयंत्र आहे. त्या बाजूला तुमचं कुणी असेल, तर एकदा बेल वाजवायला सांगा ना. माझं नाव काढू नका. दार कोण उघडतं, तेवढं फक्त बघा."