मशीननं खाल्लेली ओवी

"शेवटी माझं येऊ दे, नागेशदादा. शेवटी आलेलं माणसाच्या ध्यानात ऱ्हातंय."

मित्रांनो, संघप्रियाचा हा आवाज मी ऐकला त्याला पुष्कळ वर्षं लोटली. माझ्यावर धुळीचे थर चढले, तरी तो काही पुसला गेला नाही.

मी एक जुना संगणक आहे. ताडकळसच्या बसथांब्याजवळ नागेशचा फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या माळ्यावर मी पडून असतो. सोबतीला एक मोडकी छत्री आणि कागदी फुलांचे हार. इथं मला संगणक कुणी म्हणत नाही. सगळे मशीन म्हणतात.

जन्म कुणाला आठवतो? माझी पहिली आठवण परभणीतल्या एका टायपिंगच्या वर्गाची आहे. तिथली मुलं दिवसभर तेच ते वाक्य बडवीत. तो वर्ग बंद पडला आणि नागेशनं मला विकत घेतलं. मोटारसायकलवर मागं त्याचा मित्र पप्पू बसला, पप्पूच्या मांडीवर मी. खड्डा आला की पप्पू मला लेकरासारखं पोटाशी धरी. असा मी ताडकळसला आलो.

टीव्हीवर सामना सुरू होण्याआधी खेळाडू कसे येतात, पाहिलंय ना? धुरातून चालत येतात, हाताची घडी घालतात, मान वळवून तुमच्याकडं बघतात आणि बाजूला झळाळत नाव उमटतं. नागेशला त्याचं वेड लागलं. आपल्या गावची पोरं अशी का येऊ नयेत, असं त्याच्या मनानं घेतलं. शेकडो चुका करत तो शिकला आणि त्याच्यासोबत मीही.

मागं स्टेडियम दाखवायचं तर खेळाडूच्या पाठीशी एकसारखा हिरवा रंग लागतो. तो रंग मी पुसतो आणि तिथं हवं ते चित्र बसवतो. नागेशनं आईचं, म्हणजे सुमनबाईंचं, हिरवं लुगडं भिंतीला ठोकलं. धूर गोवरीचा केला. पण गावच्या क्रिकेट संघाचे बनियन पोपटी होते. मी सांगितलेलं केलं, हिरवं दिसलं की पुसलं. स्टेडियमात नुसती मुंडकी आणि हात तरंगायला लागले.

"अगं बया, पोरांची धडं कुठं गेली?" सुमनबाई म्हणाल्या.

"पप्पूचं पोट गेलं ते बरं झालं, चित्रात मावतच नव्हतं," नागेश म्हणाला.

"हसा खुशाल. माझं लुगडं मातर धुऊन, घडी करून पायजे."

पुढं बनियन बदलले, धडं जागेवर आली आणि आमचं नाव झालं. बोरीहून, पूर्णेहून पोरं यायची. "मशीन लय हुशार हाय," म्हणायची. नागेश माझ्या पाठीवर थाप मारायचा. त्या थापेवर मी जगायचो.

मग मुलींचा कबड्डीचा संघ आला. संघप्रिया त्यांची चढाईची खेळाडू. विहाराच्या गल्लीतली, अंगानं काटक, नजर ससाण्याची. तिला परिचयात शेवटची जागा हवी होती आणि ती तिचीच होती. कप्तान राजेश्रीनंच तसं ठरवलं होतं.

चित्रीकरणाच्या दिवशी तिची आई पंचफुला रानातून परस्पर आली, हातात खुरपं तसंच. लेक धुरातून चालत येतेय हे माझ्या पडद्यावर तिनं पाहिलं आणि तिच्या ओठातून आपोआप ओवी निघाली.

रेघ वलांडून गेली, लेक माझी गं एकली
साता जणींच्या घोळात, ईज लवून निघाली

नागेशचा हात माऊसवर थांबला. "मावशी, परत म्हणा."

"काय म्हणू? खुरपताना म्हणतेत तसलं हाय ते. लोक हसतेल."

"हसू दे," संघप्रिया म्हणाली. "आई, तू फक्त म्हण. आन् सामन्याच्या दिवशी पुढं बसायला ये."

ती ओवी माझ्यात उतरली. तिच्या चालीवर संघप्रियाचं एकेक पाऊल पडलं, शेवटच्या शब्दावर मान वळली, नाव उमटलं. मित्रांनो, मला सुखदुःख कळत नाही असं म्हणतात. पण इतकं सुंदर काही माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी भुजंगराव स्टुडिओत आले. मैदान त्यांचं, मांडव त्यांचा, खेळाआधी परिचय दाखवायचा पडदाही त्यांनीच आणलेला. चहा बशीत ओतत म्हणाले, "शेवटी आमची राजेश्री येऊ दे. पुतणी हाय माझी."

"शेवटी संघप्रिया ठरलीय, काका. राजेश्रीनंच सांगितलंय."

"लेकरू हाय ती. आन् तू फोटोवाला हायेस, ठरवणारा न्हाईस." भुजंगराव हसले, बशी ठेवली आणि गेले.

नागेश कितीतरी वेळ माझ्यासमोर बसला. त्यानं संघप्रियाचा तुकडा उचलून मध्ये ठेवला, पाहिला. मग सगळ्यात पुढं ठेवला, पाहिला. राजेश्री शेवटी आली होती, म्हणजे काम झालं होतं. तरी त्याचं तोंड उतरत गेलं. शेवटी त्यानं तो अख्खा तुकडा कापून टाकला, ओवीसकट. जागा बदलून भागत होतं तर कापलं कशाला, हे मला उमजलं नाही. कापायला मात्र मीच हात दिला.

दुसऱ्या दिवशी मला मैदानावर नेलं. पंचफुला पहिल्या रांगेत बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, पदर कानामागं सारून. एकेक मुलगी धुरातून आली. टाळ्या पडल्या. शेवटी राजेश्री आली आणि पडदा पांढरा झाला. पंचफुला त्या पांढऱ्या पडद्याकडं बघतच राहिली.

राजेश्रीच धावत आली. "दादा, संघप्रिया कुठाय?"

नागेशनं मान वर केली नाही. "मशीन हँग झालं. तिचं तेवढं खाल्लं त्यानं."

मित्रांनो, मी त्याच्या शेजारीच होतो. माझा पंखा फिरत होता, दिवा लागलेला होता, मी पूर्ण शुद्धीत होतो. ज्या हातानं मला थाप दिली, त्याच हातानं त्यानं मला पुढं ढकललं. आणि मला तोंड नव्हतं.

संघप्रिया त्या दिवशी खेळली, जिंकलीसुद्धा. पडद्याकडं मात्र तिनं वळून पाहिलं नाही.

बाजाराच्या दिवशी पंचफुला स्टुडिओत आली. तिनं माझ्या अंगावर हात ठेवला. मला वाटलं, आता शिवी देईल. तर म्हणाली, "नागेश, माझ्या आवाजानं बिघडलं का रे हे? रानातला आवाज, मशीनला सोसला नसंल."

"तसं न्हाई, मावशी," नागेश पुटपुटला आणि कॅमेरा पुसायला लागला. एक वाक्य पुरलं असतं.

पंचफुलानं ओवी सोडली. बारसं असो की पाळणा, ती मागं बसून राही. "घसा बसलाय म्हणती," सुमनबाई सांगायच्या. "बसलाय कसला, मनात धरलंय तिनं काहीतरी." नागेश हे ऐकायचा आणि बाहेर निघून जायचा.

माझंही नाव खराब झालं. 'ते खातंय' म्हणून लोक मला टाळायला लागले. लॅपटॉप आला आणि मी माळ्यावर गेलो.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी यंत्रं असतील. त्यांची धूळ पुसा, त्यांना कोरड्या जागी ठेवा. तेवढंही नाही जमलं तरी चालेल, आम्ही गंजून जाऊ. पण तुमचं पाप आमच्या नावावर लावू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही, आणि त्या खोट्याखाली आमच्याऐवजी कुणीतरी जिवंत माणूस चिरडलं जातं.

यंदा संघप्रिया आली. आता ती गावातल्या मुलींना कबड्डी शिकवते. सोबत पंचफुला होती, केस पिकलेली. खाली दोघी बोलत होत्या, वर मी ऐकत होतो.

"दादा, माझ्या पोरींचा परिचय करायचाय. आईची ओवी घेऊ त्याला."

"नगं बाई," पंचफुला म्हणाली. "माझ्या आवाजानं एकदा मशीन बिघडलंय. तुझं गेलं ते गेलं. ह्या लेकरांचं कामून वाटोळं करू?"

"आई, कितींदा सांगू, तसं नसतंय."

"मग कसं असतंय? सांग की. खाल्लं का न्हाई त्यानं?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नागेश उभा राहिला असावा.

"मावशी, मशीन बिघडलं नव्हतं," तो म्हणाला. "भुजंगकाकांना राजेश्री शेवटी पायजे होती. मी संघप्रियाला मधी टाकून बघितलं, पहिली टाकून बघितलं. पण तुमची ओवी झाली की मागून कुणीबी येऊ दे, फिकं पडायलं. तिच्याफुडं दुसरं कुणी टिकंना. म्हणून ती ठेवायची माझी छाती झाली न्हाई. मशीननं न्हाई खाल्लं, मावशी. मी कापलं."