दोन आयांचा तांब्या
मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पुण्याच्या तांबट आळीत ठोके खाऊन घडलो. माझे झाकण फिरवून घट्ट बसवले की आगगाडी कितीही हिंदकळो, थेंब सांडत नसे. त्याचा मला तेव्हा भारी तोरा होता.

मला विकत घेतले वाईजवळच्या एका गावातल्या रमाबाईंनी, गजाननसाठी. गजानन त्यांच्या पोटचा मुलगा. पण लहानपणीच त्यांच्या थोरल्या जाऊबाईंना, तारामतीबाईंना, दत्तक दिलेला. तेव्हापासून तारामतीबाई त्याची आई झाल्या आणि जन्मदात्या रमाबाई काकू. पुढे विम्याच्या कचेरीत नोकरी लागून गजानन जयपूरला आला, तारामतीबाईही आल्या. दर उन्हाळ्यात तो एकटा गावी जाई. निघताना काकू विहिरीचे पाणी माझ्यात भरत आणि झाकण स्वतः पिळून लावत. वाटेत तो स्टेशनावरचे पाणी पिई, पण माझ्यातले जयपूर येईपर्यंत पुरवी. एरवी मी रोज त्याच्याबरोबर कचेरीत जाई.

एकसष्ट सालच्या मार्चमध्ये कचेरीतच तार आली. रमाकाकू गेल्या होत्या. मार्चअखेरीमुळे सगळ्या रजा बंद. मिळण्यासारखी एकच होती, घरचे माणूस गेल्याची. गजानन साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. साहेब उत्तमराव आपल्याकडचेच, मनाने वाईट नव्हते.

“काकूसाठी ही रजा नाही हो, गजाननराव. आई, वडील, बायको, मुलं, एवढंच. नियम आहे.”

“साहेब, ती माझी आई होती.”

“आई? मतलब, परवा होळीला तुमच्या आईंच्या हातची पुरणपोळी खाल्ली मी! चांगल्या धडधाकट आहेत त्या.”

जन्मात पहिल्यांदा गजाननने रमाबाईंना आई म्हटले होते, आणि तेही खोटे ठरले. जागेवर येऊन त्याने माझे झाकण उघडले आणि पाणी न पिताच परत लावले. मला फार वाईट वाटले.

घरी तारामतीबाईंनी सगळे ऐकून घेतले. एरवी गावचा विषय निघाला की त्यांचे तोंड आंबट होई. पण रविवारी त्यांनी मला चिंचेने लख्ख घासले आणि गजाननला घेऊन टांग्याने जयपूरबाहेरच्या गलता तीर्थाच्या कुंडावर आल्या.

“सोड तिच्या नावानं पाणी. दत्तक गेलेल्यानं सोडावं की नाही, ते भटजींचं भटजी बघतील.”

“काकू...” त्याने सुरुवात केली.

“काकू नको. आई म्हण. मी इथेच उभी आहे, म्हण तू.”

त्याने मला कलते केले आणि ‘आई’ म्हणाला. तारामतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

त्या उन्हाळ्यात त्याही गावी आल्या. निघताना विहिरीचे पाणी त्यांनीच माझ्यात भरले, झाकण जोर लावून पिळले. पण रमाबाईंच्या हातासारखे ते बसले नाही. जयपूर येईपर्यंत अर्धे पाणी गळून गेले. उरलेले दोघांनी मिळून प्यायले.

आता मी फडताळात हिरवा पडलो आहे. मित्रांनो, मला घासले नाहीत तरी चालेल. पण पुढे तुम्ही कुणाचे साहेब झालात आणि कुणी रडवेला होऊन रजा मागायला आला, तर गेलेले माणूस त्याचे कोण होते, ते त्यालाच विचारा. आणि तो आई म्हणाला, तर आईच धरा.