बुडालेले प्रिंटर

देवश्री महाडात बसून जगाच्या कोडमध्ये दुरुस्त्या पाठवते, हे ऐकून तिची मावशी सरोज म्हणाली, "जगाचं राहू दे, आधी माझी बिलं छाप."

मावशीच्या हार्डवेअरच्या दुकानातला जुना प्रिंटर पोटात कागद असताना 'कागद नाही' म्हणून अडून बसे. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचं म्हणणं प्रिंटरला समजावणारा प्रोग्राम, जगभरच्या लोकांनी फुकट लिहिलेला. कोणीही सुधारावा असा खुला. प्रिंटर उत्तर देण्याआधीच ड्रायव्हर धीर सोडतो, असं देवश्रीचं निदान. तिने त्याला थोडं थांबायला शिकवलं. बाजारपेठेतल्या आणखी तीन दुकानांत तपासलं. सगळीकडे बिलं सुटली. मग तिने दुरुस्ती पाठवली. प्रकल्प सांभाळणाऱ्या फिनलंडच्या गृहस्थांनी कळवलं, छान, पुढच्या आवृत्तीत तुमच्या नावानिशी घेतो. मावशीने गल्लीत पेढे वाटले.

देवश्री मात्र आणखी एकदा खात्री करायला पोलादपूरला, पांडूदादाच्या खताच्या दुकानात गेली. प्रिंटर तोच, ड्रायव्हर जुना, आणि छपाई बिनतक्रार. तिच्या दुरुस्तीने तो उलट रेंगाळू लागला.

"आधीच बरा होता गो," पांडूदादा म्हणाला.

परत येऊन तिने मावशीच्या दुकानाची भिंत पाहिली. दोन हजार एकवीसच्या पुराची रेघ प्रिंटरच्या बरीच वर होती. बाकीच्या तिन्ही दुकानांतही.

"मावशी, हा बुडाला होता?"

"मग! गच्चीवर वाळवला की."

"सांगितलं नाहीस ते?"

"त्यात सांगायचं काय? महाडात बुडालं नाही असं काय आहे?"

म्हणजे आजारी ड्रायव्हर नव्हता, महाड होतं. आता आपल्या पुरापायी जगातले धडधाकट प्रिंटर मंदावणार.

"गप्प बस," मावशी म्हणाली. "तो काय फिनलंडहून रेघ बघायला येतोय? पेढे वाटलेत मी."

देवश्रीने प्रकल्पाच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: माझं निदान चुकलं, आमचे प्रिंटर पुरात बुडालेले आहेत, दुरुस्ती घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी फिनलंडहून उत्तर आलं. स्वतःची दुरुस्ती मागे घेणारी माणसं मला क्वचित भेटतात. बुडालेले प्रिंटर इतरत्रही असतील; ही सोय ऐच्छिक ठेवू, हवी त्याने चालू करावी. सोयीचं नाव तुम्ही सुचवा.

"स्वतःचं दे," मावशी म्हणाली.

तिने 'महाड' दिलं.

नवी आवृत्ती आली. मावशीने 'महाड' चालू केलं. प्रिंटरने क्षणभर विचार केला, आणि कागद असल्याचं मान्य केलं.