एनिडची वाकडी सहापेनी

एखादी वस्तू जपण्यास सरसावलेल्या हातांनीच त्या वस्तूचा घात कसा होतो, याचा एक वृत्तान्त यथामति निवेदन करण्याचे येथे योजिले आहे. यात युद्ध नाही, खून नाही, राजवाडाही नाही. एक म्हातारा आहे, त्याची म्हातारी आहे, आणि त्या उभयतांच्या मध्ये रुपयाएवढे चांदीचे एक नाणे आहे. एवढ्यावरच वाचकांनी चित्त स्थिर करावे, ही विनंती.

इंग्लंडातील बंगी गावच्या छापखान्यात विल्फ्रेड थर्कटल याचा जन्म अक्षरांचे खिळे जुळविण्यात गेला, आणि उरलेला सर्व जीव जुन्या नाण्यांत गेला. यंत्रे येण्यापूर्वी तिकडे नाणी हातोड्याने ठोकून पाडीत असत. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये चांदीची चकती, आणि वरून एक घाव. त्यामुळे एकासारखे दुसरे नाणे म्हणून नाही. कोणाचा काठ कातरलेला, कोणाच्या राणीचे नाक बसलेले. अशी नाणी विल्फ्रेडने महोगनीच्या उथळ खणांत, हिरव्या बनातीच्या घरट्यांत निजविली होती. नाणे काठाला धरावयाचे, त्याच्या तोंडावर बोट म्हणून टेकावयाचे नाही, बोटाच्या घामाने चांदी मरते, हा त्याचा धर्म होता.

आणि नेमका हाच धर्म त्याची पत्नी एनिड आयुष्यभर मोडीत आली होती.

तिच्यापाशी पहिल्या एलिझाबेथ राणीची एक सहापेनी, म्हणजे सहा पेन्सांचे नाणे, होती. राणीच्या डोक्यामागे गुलाबाचे फूल असलेली, आणि दोन ठिकाणी वाकविलेली, जणू लाट चढावी व उतरावी अशी. पूर्वी त्या मुलुखात रीत होती. प्रियकराने नाणे आपल्या हाताने वाकवावे व मुलीस द्यावे. तिने ठेवून घेतले तर होकार. टाकून दिले तर नकार. कोण्या विस्मृत प्रियकराने वाकविलेली ती सहापेनी एडमंड कॅचपोल नावाच्या तरुणास बापाच्या बीटाच्या शेतात सापडली, आणि त्याने ती एनिडला दिली. एनिडने ठेवून घेतली. त्याच शरदात एडमंडचे मासेमारीचे गलबत लोस्टॉफ्टहून निघाले, ते परत आले नाही. पुढे काही वर्षांनी तिने विल्फ्रेडशी लग्न केले, तेव्हा हे सर्व त्याला आधीच सांगून टाकले होते. लपवालपवी तिच्या स्वभावात नव्हती.

फ्लॅनेलच्या इवल्याशा पिशवीत ती सहापेनी एप्रनच्या खिशात असे. भांडी झाली, चहा ठेवला, की एनिडचा अंगठा त्या वाकणात जाऊन बसे.

"माझ्या खणात ठेव की," विल्फ्रेड म्हणे. "घासून घासून चांदीची पार पोळी केलीस."

"तुझ्या खणात मेलेली नाणी राहतात, विल्फ्रेड. ही अजून वापरात आहे."

पुढे वार्धक्यात एनिडच्या दृष्टीचा मध्यभागच काळवंडला. दाराची चौकट तिला दिसे. पण चौकटीत कोण उभे आहे, ते दिसत नसे. वाचन सुटले, शिवण सुटले. ती शेगडीपाशी बसून राही, आणि अंगठा त्या वाकणावरून हळूहळू फिरत राही.

"काय करत्येस?" विल्फ्रेड विचारी.

"बघत्येय," ती म्हणे.

या एका शब्दाने त्याच्या काळजाला जी घरे पडली, त्यांचे वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे. आपला चेहरा तिला दिसेनासा झाला, आणि त्या बुडालेल्या मनुष्याचे नाणे मात्र तिला दिसते!

त्या हिवाळ्यात नाणेसंग्राहक मंडळाचे प्रदर्शन भरावयाचे होते. एलिझाबेथच्या काळातील सर्वांत सुस्थितीतील नाण्याला चषक होता. मंडळाचा अध्यक्ष होरेस गॅरड हा तोंडाचा फटकळ.

"काय रे विल्फ्रेड, तुझ्याकडं राणीची एक तरी धड सहापेनी आहे का? का सगळ्या आपल्या टकल्या म्हाताऱ्याच?"

"तुझ्या बायकोपेक्षा बऱ्या दिसतात," विल्फ्रेड म्हणाला. मंडळी हसली. परंतु तो टोमणा त्याच्या मनात रुतून बसला.

वाकलेले नाणे सरळ करण्यात विल्फ्रेडचा हात त्या परगण्यात धरणारा कोणी नव्हता. एनिडच्या सहापेनीची पारख त्याने दुरूनच, मनातल्या मनात, कधीच करून ठेविली होती. अंगठा घासे तो पाठीकडील राजचिन्हाच्या ढालीवर. पुढच्या बाजूस, वाकणाच्या पोटात, राणीचा गाल आणि तो गुलाब दडून सुरक्षित राहिले असणार. तिची प्रत 'बरी' नव्हे, 'उत्तम' निघेल. केवळ ते वाकण तेवढे आड येते.

दैवाची योजना अशी की नॉर्विचच्या इस्पितळात एनिडच्या डोळ्यांवर उपचार ठरला, आणि मौल्यवान वस्तू घरी ठेवून या, असा निरोप आला. जाताना तिने ती पिशवी आपण होऊन नवऱ्याच्या हातात दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"सांभाळ हं. बाहेर काढू नकोस, आहे तशी राहू दे."

"अगं, नाणी सांभाळण्यातच माझा जन्म गेला," तो म्हणाला, आणि ते खरेच होते.

ती गेल्यावर, चांदी मऊ व्हावी म्हणून, त्याने नाणे मंद ज्योतीवर धरिले. त्यावर अंधुक लाली चढताच ते काढून निवू दिले. मग कातडे लाविलेल्या दोन लाकडी फळ्यांत ठेवून तो लोखंडी दाबपेचाचा दांडा तसूतसूने फिरवू लागला. घाईत चांदी तडकते, हे तो जाणत होता. चांदी तडकली नाही. फळ्या उघडल्या तेव्हा राणीचा गाल टवटवीत होता आणि गुलाबाची पाकळीन् पाकळी मोजता येत होती. विल्फ्रेडला परमानंद झाला. हे मी तिच्या नाण्याच्या हितासाठी केले, असे तो स्वतःशी म्हणाला. परंतु त्या आनंदात आणखीही एक आनंद मिसळला होता. सपाट झालेले ते नाणे आता कोणाचेच नव्हते.

एनिड परत आली. उपचाराने गुण आला नव्हता. कोट न काढताच तिने हात पुढे केला. पिशवीतून नाणे निघाले, अंगठा सवयीने त्यावर टेकला, आणि सरकून काठाबाहेर गेला.

"ही कुणाची, विल्फ्रेड?"

"तुझीच. सरळ केलीय मी. अगं, तो गुलाब बघ, काय उठलाय!"

"मला बघता येत नाही," एनिड म्हणाली. "माझी कुठंय?"

"तीच आहे! मुकुटाच्या वर काठाला चीर आहे ना, बोट लावून बघ."

"चिरा शंभर नाण्यांना असतात. तूच सांगतोस." आपल्याला घेऊन आलेल्या शेजारणीकडे ती वळली. "अटिंगबाई, याला भिऊ नका. नीट सांगा, ही वाकडी आहे का?"

"नाही हो," अटिंगबाई चाचरत म्हणाल्या, "फरशीसारखी सपाट आहे. चला, मी आपली किटली ठेवते." आणि त्या स्वयंपाकघरात पळाल्या.

"बदललीस," एनिड म्हणाली. "एवढीच एक माझ्याकडं होती, तीही तुला बघवली नाही."

"देवाशपथ तीच आहे! थांब, मी परत वाकवून देतो. होती तश्शी. जमतं मला."

एनिडने काठावरची ती चीर बोटाने चाचपली. ते नाणे तेच आहे, हे बहुधा तिला त्याच क्षणी पटले. कारण तिचा आवाज एकाएकी सौम्य झाला.

"मग ती तू वाकवलेली होईल," ती म्हणाली, आणि तिने बोटे उघडली.

सहापेनी फरशीवर पडली व त्याच्या पायाशी येऊन थांबली. ती मुद्दाम टाकिली की हातून सुटली, हे विल्फ्रेडने विचारिले नाही. ती जुनी रीत मंडळाच्या सभांतून त्यानेच कैक वेळा लोकांना समजावून सांगितली होती.

चषक विल्फ्रेडलाच मिळाला.

"कुठं दडवली होतीस रे ही सुंदरी?" होरेस गॅरडने भिंगातून डोळा न काढता विचारिले.

"घरातच होती," विल्फ्रेड म्हणाला.

शेगडीवरच्या फळीवर चषक आला. तो कसला, हे एनिडने कधी विचारिले नाही. ती भांडली नाही, रडली नाही, घर सोडून गेली नाही. फक्त त्या दिवसापासून नवऱ्याशी ती परक्याशी बोलावे तशा अदबीने बोलू लागली. चहा दिला की "आभारी आहे," दार उघडले की "तसदी दिली." पिशवी अजून तिच्या खिशात असते. तिच्यात काही नाही, तरी संध्याकाळी अंगठा त्या मऊ कापडावरून फिरतो, आणि मध्येच थांबतो.

त्या वेळी विल्फ्रेड समोरच्या खुर्चीत खण मांडीवर घेऊन बसतो. ती सहापेनी तो उचलतो, नियमाप्रमाणे केवळ काठाला धरून, आणि दिव्याखाली न्याहाळतो. तिच्यावर ओरखडा नाही, डाग नाही. आता तिला कोणीही हात लावीत नाही.

येथे हा वृत्तान्त संपला. आपला अमूल्य वेळ खर्चून ज्या वाचकांनी तो येथवर वाचिला, त्यांचा मनःपूर्वक ऋणी,

यशवंत भिवाजी मिठबावकर,
लोस्टॉफ्ट बंदर