बाबांचा आवाज

मुलीने पेनड्राइव्ह खोचला आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला. या वेळी तो पेनड्राइव्हवरून सुरू झाला. काळ्या पडद्यावर तिने दुरुस्तीची आज्ञा टाइप केली. पलंगावर उशीला टेकून बाबा बघत होते.

घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. हात थरथरायचा, पेन धरवत नसे. एका बोटाने ते अक्षरं दाबत आणि लॅपटॉप ती अक्षरं मोठ्याने वाचून दाखवी. तीन दिवस तोही मुका होता.

"होईल, बाबा. ऑफिसात रोज हेच करते मी."

टक्क्यांचा आकडा रखडत शंभरावर गेला आणि ओळ उमटली : काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत.

बाबांनी तिचं मनगट धरलं. ओठ हलले. तिला एकही शब्द कळेना.

"पाणी देऊ? उशी नीट करू?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

पेनड्राइव्हवरच्या धड फाइली बिघडलेल्यांच्या जागी घालायची आज्ञा देऊन ती स्वयंपाकघरात गेली. आई कोरडाच ओटा पुसत होती.

"अपडेट चालू असताना बंद पडलाय तो. वीज गेली होती का गं?"

"नाही." आईने फडकं पिळलं. "मीच वायर ओढली. बॅटरी तर त्याची केव्हाच मेलीय."

"अगं, पण का?"

"आता औषधं नकोत म्हणाले. बातम्या दिल्यासारख्या त्या आवाजात. मला ऐकवेना." ती घुटमळली. "वाटलं, बोललेच नाहीत तर..."

मुलीने बाबांसाठी भरलेला पाण्याचा पेला ओट्यावर तसाच ठेवला.

ती परतली तेव्हा दुरुस्ती पुरी झाली होती. नाही झालं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. बाबांना काय कळणार होतं! तिने पेनड्राइव्ह काढला. बोट लॅपटॉप चालू करायच्या बटणावर बराच वेळ नुसतंच राहिलं.

मग तिने ते दाबलं.

"आई, इकडे ये."

आई येऊन पायथ्याशी बसली. बाबांचं बोट एकेक अक्षर शोधत फिरलं. कुणाचाच नसलेला तो सपाट आवाज खोलीत उमटला :

"डॉक्टरांना तू सांग. हिला जमायचं नाही."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली होती. पण ती उठून गेली नाही.